ब्रश दिसला की ससा पलंगाखाली! केस काढायचे कसे?

रेवा_कोथरूड | ३ मार्च, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मांजरी-कुत्र्यांचे धागे इथे ढिगाने आहेत, सशांचा एकही सापडला नाही म्हणून नवा काढतेय.

आमचा मोदक लायनहेड आहे. मानेभोवती आयाळ, कमरेखाली लांब केसांची झालर. वय अडीच वर्षं. एरवी स्वभावाने गरीब, मी कोथिंबीर निवडायला बसले की गुडघ्यावर पुढचे पाय ठेवून उभा राहतो. पण ब्रश हातात दिसायचा अवकाश, गुरगुरतो, पंजांनी ब्रशवर फटके मारतो, मागचे पाय आपटतो आणि पलंगाखाली पसार. काल तर मनगटाला दात लावले.

थंडी सरली आणि केस गळायला लागले. पंखा लावला की घरभर भुरभुर. सासूबाईंच्या पोळीत केस निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "या घरात एक तर तो राहील नाहीतर मी." हसत म्हणाल्या, पण म्हणाल्या.

दुकानदाराने दिलेला तारेच्या दातांचा ब्रश आहे. नवरा धरतो, मी विंचरते. शेपटीजवळ आता जटा होऊ लागल्यात. कोणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

बंडूनाना | ३ मार्च, रात्री ११:०५

आमच्या वाड्यात पूर्वी पांढरे, लाल डोळ्यांचे ससे होते. कोणी ब्रश केला नाही की शांपू लावला नाही. कान धरायचे, उचलायचे, खुराड्यात टाकायचे. मस्त जगले. हल्ली सगळ्यांचेच लाड फार.

गवत_आधी | ३ मार्च, रात्री ११:२०

नाना, वयाचा मान ठेवून सांगतो, कान धरून कधीच उचलू नये. सगळं वजन कानांवर येतं. त्यात ससा धडपडला आणि मागच्या पायांनी जोरात झटका दिला तर कमरेचा मणका मोडतो. सशाची हाडं वजनाने हलकी आणि मागच्या पायांचे स्नायू भलते ताकदवान. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि ससा आपल्या अंगाला टेकलेला हवा.

वाड्यातल्या सशांचे केस आखूड होते, त्यांचं त्यांना निभावत होतं. लायनहेडचं प्रकरण वेगळं.

रेवाताई, सविस्तर उद्या लिहितो. तोवर तो तारेचा ब्रश ठेवून द्या.

बंडूनाना | ३ मार्च, रात्री ११:२४

बरं बाबा. कानाला खडा. (माझ्याच.)

सौरभ_डोंबिवली | ४ मार्च, सकाळी ८:१५

सोपी ट्रिक आहे. ससा पाठीवर उताणा झोपवा, डोक्यावरून हळू हात फिरवा. दोन मिनिटांत संमोहन झाल्यासारखा निपचित पडतो. मग पोट, पाय, शेपूट सगळं निवांत विंचरा. इंटरनेटवर शेकडो व्हिडिओ आहेत.

डॉ_शेपूट | ४ मार्च, सकाळी ९:५०

मी पशुवैद्यक आहे, ससे आणि पक्षी जास्त बघतो. सौरभ, हे कृपया करू नका. तो निवांत झालेला नसतो, घाबरून गोठलेला असतो. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर मेल्यागत पडून राहायचं ही त्याची शेवटची युक्ती. बाहेरून शांत दिसतो, आत काळजाचं पाणी झालेलं असतं. त्यातून भानावर येताना एकदम उसळी मारतो आणि तेव्हाच पाठीला इजा होते. व्हिडिओत पुढचा भाग दाखवत नाहीत.

रेवाताई, एक प्रश्न. मोदक पहिल्यापासून असा आहे की आधी ब्रश करू द्यायचा आणि आता बिथरतो? आधी चालत होतं आणि अचानक बंद झालं, तर दुखणं शोधावं लागतं. जटेने कातडी ओढली जात असेल, खरूज असेल, दाढ टोचत असेल, म्हाताऱ्या सशांत सांधे दुखत असतील. कोंडा पडतोय का तेही बघा. मानेच्या मागे पांढरा कोंडा असेल आणि काळ्या कापडावर झटकल्यावर तो हलताना दिसला, तर त्या केसांतल्या गोचिडवर्गीय माइट्स असतात.

आणि हे ठळक अक्षरांत समजा: कुत्र्यांसाठी मिळणारा फिप्रोनिलचा स्प्रे किंवा थेंब सशाला चुकूनही लावू नका. सशाला तो विषारी आहे. "पिसवांचंच औषध आहे, थोडं लावा" असं काउंटरवर सहज सांगितलं जातं. सशाला चालणारी औषधं वेगळी, ती वजन करूनच देतात.

रेवा_कोथरूड | ४ मार्च, दुपारी १२:३०

डॉक्टर, पहिल्यापासूनच आवडत नाही, पण लहान होता तेव्हा केस आखूड होते म्हणून भागायचं. कोंडा नाही. खाणं-पिणं व्यवस्थित. राग फक्त ब्रशवर.

गवत_आधी | ४ मार्च, रात्री ९:१०

कबूल केल्याप्रमाणे. मी नाशिकला असतो, घरात तीन ससे, त्यातली एक अंगोऱ्याच्या (लांब लोकरीचा ससा) मिश्र जातीची आणि स्वभावाने खाष्ट.

ससा ब्रशला भीत नाही, धरण्याला भितो. वरून हात येतो, अंग आवळलं जातं, पाय जमिनीवरून सुटतात. घार झडप घालते तेव्हा सशाला नेमकं हेच होतं. त्यात कातडी इतकी पातळ की तारेचे दात सरळ ओरबाडतात. तेव्हा आधी नवऱ्याला सुट्टी द्या. धरायचं नाहीच.

जमिनीवर बसा. फरशीवर सशाचे पाय घसरतात आणि पाय घसरले की तो आधीच धास्तावलेला असतो, म्हणून खाली सतरंजी किंवा जुनी योगा मॅट टाका. वेळ दुपारची घ्या. ससे पहाटे आणि संध्याकाळी हुंदडतात, दुपारी पाय पसरून लोळतात. तो लोळलेला असताना शेजारी आडवं व्हा, पेपर वाचा, काहीही करा. मग कपाळावरून हात. ससे एकमेकांना चाटतात ते कपाळ, गाल, कानामागची जागा; तिथून सुरुवात केली की त्याला ती ओळखीची वाटते. त्याने डोकं जमिनीला टेकवलं की परवानगी मिळाली. दात हलके कुरकुरवत असेल तर स्वारी खूश. (दात मोठ्याने करकर वाजत असतील, अंग चोरून बसला असेल, तर ते दुखण्याचं लक्षण. दोन्हींतला फरक एकदा ऐकला की विसरत नाही.)

आता हात फिरवता फिरवता पाठीवर या. केस गळायच्या दिवसांत पुंजके आपोआप वर येतात. चिमटीत धरून अलगद ओढले की सुटून येतात, आणि बऱ्याच सशांना हे आवडतं. नाही सुटला तर सोडून द्या, तो उद्या सुटेल. त्यानंतर तळवे ओले करून झटका, नुसता ओलावा राहिला पाहिजे, आणि केसांच्या दिशेने फिरवा. मोकळे केस तळव्याला चिकटतात, हवेत उडत नाहीत. एका बसणीत मुठीएवढा गोळा निघतो. सासूबाईंना दाखवा, पटेल.

हे अंगवळणी पडलं की साधन. आमच्याकडे सगळ्यात उपयोगी ठरली ती मेडिकलमध्ये मिळणारी उवांची बारीक दातांची फणी. ती तळहातात लपवून फिरवायची, म्हणजे सशाला हातच वाटतो. लांब केसांना आधी जरा विरळ दातांचा कंगवा, मग ही. रबरी दातांचा हातमोजा आखूड केसांच्या सशांना ठीक, झालरीत तो अडकतो. पात्याचा केस-उपशी ब्रश, जो कुत्र्यांसाठी विकतात, तो नको.

फणी दोन दिवस गवताजवळ नुसती ठेवून द्या. तो येऊन हुंगेल, तिच्यावर हनुवटी घासेल. सशाच्या हनुवटीखाली गंधग्रंथी असते, घासलं म्हणजे "हे माझं". एकदा मालकी लागली की अर्धं भांडण मिटतं.

आणि तो उठून जाण्याच्या आत आपण थांबायचं. मिनिटभर झालं तरी पुष्कळ. तो पळाल्यावर थांबलात तर पळाल्याने सुटका होते हे त्याला कळतं, मग रोज पळतो. शेवटी नखाएवढा केळ्याचा तुकडा. नखाएवढाच, केळ्याची साखर त्याच्या पोटाला झेपत नाही.

चिन्मयी_ठाणे | ४ मार्च, रात्री ९:४८

कित्ती छान लिहिलंय! मी नवीन ससेवाली. एवढा खटाटोप करण्यापेक्षा कोमट पाण्याने आंघोळ घातली तर सगळे मोकळे केस एकदम निघणार नाहीत का? ग्रूमिंगवाला घालून देतो म्हणाला.

डॉ_शेपूट | ४ मार्च, रात्री १०:१५

नाही. सशाची दाट लव वाळायला फार वेळ लागतो, अंग गार पडतं, आणि पाण्यात बुडवल्याच्या धसक्याने ससे दगावतात. वरून ओल्या केसांच्या जटा आणखी घट्ट होतात. ढुंगण बरबटलं असेल तर तेवढाच भाग ओल्या कापडाने पुसा आणि पूर्ण कोरडा करा.

बरबटणं वारंवार होत असेल तर पुसत बसण्यापेक्षा कारण शोधा. ससा दोन प्रकारची विष्ठा टाकतो: सुट्या कोरड्या लेंड्या, आणि मऊ चिकट घोस, जो तो स्वतःच तोंडाने उचलून खातो. त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात, किळस वाटून घेऊ नका. ससा लठ्ठ असेल तर तोंड तिथवर पोचत नाही, खाणं फार गोड किंवा पिठूळ असेल तर तो घोस पातळ होतो, आणि दोन्ही वेळा केसांना चिकटतो. पावसाळ्यात अशा जागी माशा अंडी घालतात, दिवसभरात अळ्या पडतात. जून ते सप्टेंबर रोज शेपटी उचलून बघायची, सबब नको.

मुक्ता_सांगली | ५ मार्च, सकाळी ७:३०

आमच्या दुकानदाराने सांगितलं होतं की ससा केस गिळतो म्हणून आठवड्यातून एकदा पपई द्यायची, पोटातला केसांचा गोळा विरघळतो. आणि मांजरांची हेअरबॉलची पेस्ट. खरं आहे का?

डॉ_शेपूट | ५ मार्च, सकाळी ९:३५

पपईतलं एन्झाइम केस विरघळवत नाही. केस केराटिनचा असतो, पपईला तो पचत नाही. अननसाचंही तेच. फोड खायला आवडते म्हणून कधीतरी दिली तर गोष्ट वेगळी.

सशाला उलटी करता येत नाही. मांजर गोळा ओकून टाकतं, ससा टाकू शकत नाही. गिळलेला केस मागच्या दारानेच जायचा. पूर्वी आम्हीही शिकलो की केसांच्या गोळ्याने आतडं तुंबतं. आता समजतं ते बहुतेक वेळा उलटं असतं. खाण्यात चोथा कमी, पाणी कमी, भीती, दुखणं, यांपैकी कशाने तरी आतड्याची हालचाल आधी मंदावते. मग आतलं पाणी शोषलं जातं आणि केस-अन्न मिळून कोरडा लगदा होतो. हालचाल चालू असेल तर केस रोज निघून जातात. म्हणून खरा उपाय गवत. खाण्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग वाळलेलं गवत असावं, दिवसभर समोर.

लेंड्यांवर नजर ठेवा. केस गळताना एकीला एक केसाने जोडलेल्या लेंड्या दिसतात, तो इशारा: गवत-पाणी वाढवा आणि केस जास्त वेळा काढा. लेंड्या बारीक झाल्या, थांबल्या, किंवा दहा-बारा तास सशाने काही खाल्लं नाही, तर त्याच रात्री डॉक्टर गाठायचा. सकाळ होईस्तोवर थांबायचं नाही. मनाने पोटफुगीचं औषध नको, आणि घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन तर अजिबात नको. तोंडावाटे दिलं की सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, आणि त्यामागे ससा.

मुक्ता_सांगली | ५ मार्च, सकाळी ९:५२

बाप रे. पेस्ट फेकली. टिमोथी गवताची पिशवी मात्र परवडत नाही हो, आयातीचं असतं.

गवत_आधी | ५ मार्च, सकाळी १०:२०

सांगलीत राहून टिमोथीवाचून का अडतंय? दूर्वा वाळवा. हरळी म्हणा, दूर्वा म्हणा, बाहेरच्या ससेवाल्यांचं बर्म्युडा गवत ते हेच. फक्त रस्त्याकडेची नको, गाड्यांचा धूर आणि कुत्र्यांची कृपा असते. फवारणी नसलेल्या शेताच्या बांधावरची आणा, धुवा, सावलीत पसरून खडखडीत वाळवा. बुरशीचा वास आला तर फेका.

गोठ्यावर लसूणघास सहज मिळतो आणि ससे त्यावर तुटून पडतात, पण त्यात कॅल्शियम फार. वाढत्या पिल्लांना चालतो, मोठ्या सशाला रोज दिला तर लघवीत खडीचा त्रास होतो.

कुलूकर | ५ मार्च, दुपारी ३:०५

अंगोऱ्याचा विषय निघाला म्हणून. नोकरीनिमित्त काही वर्षं हिमाचलात कुलूकडे होतो. अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं एक केंद्र तिथे गडसाला आहे, आणि आसपासच्या गावांत लोकरीसाठी जर्मन अंगोरा पाळतात. तिथे कोणी रोज ब्रश घेऊन सशामागे धावत नाही. अडीच-तीन महिन्यांनी कात्रीने किंवा मशिनने लोकर उतरवतात. दोन कातरण्यांच्या मध्ये जटा होऊ नयेत एवढंच विंचरणं.

एका बाईंचा हात मी जवळून बघितलाय. ससा मांडीवर आडवा न घालता समोर फळीवर बसवलेला. डाव्या हाताने कातडी ताणून सपाट धरायची, उजव्या हाताची कात्री कातडीला समांतर, टोक कधीच आत नाही. पाठीवर मध्ये भांग पाडून दोन्ही बाजूंना रांगेने उतरत जायचं. ससा तोंडाने पाला खातोय आणि अंगावरून बोटभर लांब लोकर गादीसारखी सुटतेय. पण तो हात पिढीजात होता, व्हिडिओ बघून येत नाही.

आणि ते हवामान कुलूचं. असल्या सशाला पुण्या-मुंबईच्या मे महिन्यात ठेवायचं हेच मुळात मला पटत नाही, पण ते राहू दे.

रेवा_कोथरूड | ५ मार्च, दुपारी ४:१०

राहू का दे, योग्यच आहे. दुकानात "ड्वार्फ आहे, एवढासाच राहील, केसांचं काही नसतं" असं सांगून दिलं होतं. आता मोदक दोन किलोच्या वर आहे आणि केसांचं काय ते तुम्ही बघताच आहात.

कात्रीचं विचारायचंच होतं. शेपटीजवळची जट मी घरी कापू का?

डॉ_शेपूट | ५ मार्च, सायंकाळी ६:४५

कात्रीने नाही. जट ओढली की खालची कातडी तिच्याबरोबर तंबूसारखी वर येते आणि आपण केस समजून ती कापतो. दर उन्हाळ्यात असा टाके घालायचा ससा येतोच. छोटी जट असेल तर मुळाशी दोन बोटांनी कातडी दाबून धरा, म्हणजे ओढ बसत नाही, आणि टोकाकडून थोडी थोडी बोटांनी सोडवा. कॉर्नफ्लॉवर चोळल्याने सुटायला मदत होते. नाका-तोंडाजवळ मात्र पीठ उडू देऊ नका.

घट्ट बसलेली असेल तर दवाखान्यात क्लिपरने, गरज पडली तर हलकी भूल देऊन काढतात. बिथरणाऱ्या सशाला तासभर दाबून धरण्यापेक्षा ते बरं.

तळपायाचे केस मात्र कोणीही काढू नका. सशाला कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, ते केस हीच त्याची चप्पल. ते गेले आणि खाली तारेची जाळी असली की टाचांना जखमा होतात.

सौरभ_डोंबिवली | ५ मार्च, रात्री ८:२०

उताणं झोपवणं बंद केलं, डॉक्टर. मग टॉवेलमध्ये गुंडाळून? तेही चुकीचं?

गवत_आधी | ५ मार्च, रात्री ८:४०

विंचरायला काय उपयोग, केस तर टॉवेलच्या आत! नखं कापायला, औषध पाजायला पंच्यात गुंडाळावं. पंचा पातळ असतो, मार्च-एप्रिलमध्ये जाड टॉवेलात ससा उकडून निघतो. नखांना मागून मोबाइलचा टॉर्च धरला की काळ्या नखातली रक्तवाहिनी दिसते, तिच्या अलीकडे कापायचं. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरा.

चिन्मयी_ठाणे | ६ मार्च, सकाळी ११:००

आमची सशीण तर स्वतःच छातीचे केस उपटून कोपऱ्यात साठवतेय! हा पण केस गळण्याचा सीझन?

डॉ_शेपूट | ६ मार्च, दुपारी १:१५

नर सोबत आहे का? असेल तर ही बाळंतपणाची तयारी, दिवस अगदी जवळ आलेत. नसेल तर खोटं गर्भारपण, सोळा-अठरा दिवसांत उतरतं. तोवर ते घरटं मोडू नका, जास्त चिडेल. नसबंदीच्या ऑपरेशनचं डॉक्टरांशी बोला. न केलेल्या सशिणींत वय वाढेल तसं गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण फार मोठं आहे.

बंडूनाना | ६ मार्च, दुपारी १:४०

चिन्मयीताई, दुकानदाराने "दोन्ही माद्याच आहेत" असं सांगितलं असेल तर बारशाची तारीख कळवा.

चिन्मयी_ठाणे | ६ मार्च, दुपारी १:४३

नाना!! तसंच सांगितलंय!!

रेवा_कोथरूड | १४ मार्च, रात्री ९:३०

अपडेट द्यायला आले. नवऱ्याला सुट्टी दिली, तारेचा ब्रश माळ्यावर. दुपारी जेवणं झाली की मी सतरंजीवर आडवी होते, मोदक येऊन बाजूला लोळतो. पुंजके चिमटीने काढलेले चालतात, नव्हे आवडतात; मी थांबले तर नाकाने हात ढोसतो. ओला तळवा पाठीवर चालतो, कमरेच्या खाली गेला की कान मागे. मग मी पुन्हा कपाळावर येते. फणीवर त्याने हनुवटी घासली आणि नंतर तिचा एक दात कुरतडला. तेही मालकीतच धरायचं का?

केस अजून उडतात, पण पोळीत नाही. सासूबाई आता वाटीत जमवलेले केस बघून "आज कमी निघाले गं" म्हणतात.

झालर आणि पोट मात्र अजून हाताबाहेर. मागची जट बोटांनी सुटत नाही, म्हणून शनिवारी सकाळी घराजवळच्या दवाखान्यात भूल देऊन काढायचं ठरवलंय. काय काळजी घ्यायची?

डॉ_शेपूट | १४ मार्च, रात्री १०:०५

तिथले डॉक्टर नेहमी ससे बघतात ना, आणि सशांना भूल देण्याची सवय आहे ना, हे आधी सरळ विचारा. विचारण्यात संकोच नको. जाताना त्याच्या नेहमीच्या टोपलीत त्याचंच गवत घाला, गाडीत कुत्रा-मांजराशेजारी बसवू नका, ऊन चढायच्या आत पोचा. ससे घामेजत नाहीत, २८ अंशांच्या वर गेलं की नुसते धापा टाकतात. उष्णता बाहेर टाकायला त्यांच्याकडे कानच काय ते आहेत. झालर पण तेव्हाच आखूड करून घ्या, उन्हाळा सुखाचा जाईल. घरी आल्यावर दोन-तीन तासांत तो खायला लागला पाहिजे, नाहीतर लगेच फोन.

आणि उपाशी ठेवून नेऊ नका. कुत्र्या-मांजरांना भुलेआधी उपाशी ठेवतात ते उलटीच्या भीतीने. ससा उलटी करत नाही, आणि उपाशी राहिला की आतडं मंदावतं. निघेपर्यंत गवत समोर असू दे.

रेवा_कोथरूड | १४ मार्च, रात्री १०:१२

विचारलं ते बरं झालं. फोनवर त्यांच्या रिसेप्शनच्या मुलीने आदल्या रात्रीपासून काही द्यायचं नाही असं बजावलं होतं. उद्या सकाळी थेट डॉक्टरांशी बोलते, आणि तेही तसंच म्हणाले तर दुसरा दवाखाना बघते. पुण्यात ससे बघणारं कोणी माहीत असेल तर व्यक्तिगत निरोप करा.